साथीचे आकडे आणि आपली घरे
(गाठीच्या तापापासून करोनापर्यंत)

गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांना एका जुन्या दप्तराचा शोध घेणे भाग पडले आहे. मुलामुलींच्या शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जातीच्या दाखल्याची पडताळणी करावयाची म्हणजे पणजोबा-खापरपणजोबांची नोंद दाखवावी लागते. आणि ही नोंद पुष्कळदा 'गाव नमुना चौदा' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जन्ममृत्यूच्या वहीत सापडते. मग तालुक्याच्या कचेरीत खेटे घालावेत, मोडी वाचणारा जाणकार गाठावा, जीर्ण पाने हलक्या हाताने उलटावीत आणि जातीच्या रकान्यात हवा तो शब्द दिसला की नक्कल मागून वही मिटावी, असा हा क्रम आहे. त्याच ओळीत मृत्यूच्या कारणाचाही एक रकाना असतो. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो दुर्लक्षित रकाना हा होय.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. खेड तालुक्यातील मराठी शाळांत पाढे, त्रैराशिक आणि शेकडेवारी शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु करोनाच्या दिवसांत घरोघर आकड्यांवाचून दुसरा विषय नव्हता, आणि त्या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी अनेक ज्ञातिबांधव आमच्याकडे येत. तेव्हापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की साथीचा आकडा प्रथम घरात जन्मास येतो. घर निर्भयपणे बोलले तर तो खरा असतो. घर भ्याले, किंवा त्यास कोणी विचारलेच नाही, तर तो उणा पडतो. आणि उण्या आकड्याची किंमत पुन्हा घरासच मोजावी लागते. आपल्या भागाने सव्वाशे वर्षांत सोसलेल्या तीन मोठ्या साथींवरून हे स्पष्ट होईल.

वही कशी भरे

इंग्रजी अमलात घरात कोणी दगावले की कोतवालाने वर्दी द्यावी, पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरी ती चढावी, आणि तेथून गोषवारा तालुक्यास व जिल्ह्यास जावा अशी व्यवस्था असे. मृत्यूच्या कारणांचे वर्ग ठरलेले होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व आमांश, श्वसनाचे विकार, अपघात आणि बाकी सारे 'इतर'. बहुतेक खेड्यांत डॉक्टर नव्हता. देवीचे व्रण आणि पटकीची लक्षणे कोणासही ओळखू येत. त्यापलीकडचे बहुतेक मृत्यू 'ताप' ह्या एका शब्दात सामावले जात. मुंबई इलाख्याच्या मृत्यूंचे छापील कोष्टक दिसावयास मोठे भारदस्त असे; पण त्याचा पाया म्हणजे शोकात बुडालेला घरचा कर्ता पुरुष आणि दारात उभा असलेला कोतवाल ह्या दोघांचे संभाषण. ते जितके मोकळे, तितके कोष्टक खरे.

गाठीचा ताप

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोगी ओळखला. हिवाळा सरतासरता रोग पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्याच्या प्लेग समितीवर वॉल्टर चार्ल्स रँड ह्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मार्च महिन्यापासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. रोगी सापडला तर त्याची रवानगी रुग्णालयात, घरच्या माणसांची छावणीत. सामानसुमान जाळावे, जमीन उकरावी, भिंतींना चुना फासावा. जी माजघरे आणि देवघरे परक्या पुरुषाने कधी पाहिली नव्हती, तेथे बूट घालून शिपाई शिरले.

रोगी शोधून मोजावेत हा ह्या झडत्यांचा हेतू. परंतु परिणाम नेमका उलट झाला. लोक रोगी लपवू लागले. तापाने फणफणलेल्या माणसास मागल्या दाराने शेजारघरी न्यावे, प्रेताची रात्रीच विल्हेवाट लावावी, आणि ज्यांस शक्य असेल त्यांनी शहर सोडून आसपासच्या खेड्यांतील नातलगांकडे जावे, असे घडू लागले. लपविलेला रोगी मोजला गेला नाही, आणि त्याच्यासंगे रोगही गावोगाव हिंडला.

भयाने मुखे कशी बंद होतात ह्याचे एक उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्या चरित्रात आहे. १८९७ साली ते विलायतेत असताना पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांची, स्त्रियांच्या विटंबनेची, जाहीर वाच्यता केली. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला, तेव्हा नाव देऊन पुढे येण्यास कोणी धजेना. आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. जे घडले त्याचा खरा आकडा त्या घरांच्या भिंतींआड राहिला तो कायमचाच.

त्या क्षोभाचा शेवट कसा झाला हे आपल्या भागात मुलांनाही ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्ट ठार झाला, आणि रँड पुढे ३ जुलैस मरण पावला. दामोदरपंतांना १८९८ च्या एप्रिलात, आणि वासुदेव व बाळकृष्ण ह्या दोघा भावांना १८९९ च्या मे महिन्यात फाशी झाली. एका घरातील तीन कर्ते मुलगे गेले. प्लेगच्या कोष्टकात ह्या मृत्यूंना रकाना नाही. तथापि साथ कोणाच्या घरी कोणत्या वाटेने शिरते हे सांगताना चिंचवडच्या त्या वाड्यास विसरून चालणार नाही.

त्याच काळात रोगी आपण होऊन पुढे येतील अशी दारेही काही जणांनी उघडली. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. मुंबईत निरनिराळ्या ज्ञातींनी व धर्मसमाजांनी आपापली रुग्णालये काढली, आणि जे लोक सरकारी रुग्णालयाचे नाव काढताच पळत, ते तेथे आपल्या पायांनी गेले. सावित्रीबाई फुले ह्यांनी पुत्र डॉ. यशवंत ह्यांच्यासह पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा आरंभिली, रोगी स्वतः उचलून आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. जो सेवा करावयास येतो, त्यास घर खरे सांगते.

घरांनी आपलेही एक गणित बसविले होते. 'उंदीर पडला' हे दोन शब्द कानी आले, की डॉक्टरची वा कचेरीची वाट न पाहता भांडीकुंडी बांधावीत आणि गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहावे. माणसापूर्वी उंदीर मरतो हे आपल्या आज्या-पणज्या पुस्तकावाचून शिकल्या होत्या. पुढील काही दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यातून जी कुटुंबे वाचली, त्यांतील कित्येक ह्या घरगुती मोजणीमुळे वाचली.

मानमोडी

पहिले महायुद्ध संपत आले असता १९१८ च्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीवरील काही पोलीस शिपाई एकाएकी तापाने आजारी पडले. ही इन्फ्लुएंझाची पहिली, सौम्य लाट. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती मात्र काळरूप होती. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महाग, चारा नाही, आणि घरात पाणी देण्यास उठेल असे माणूस नाही अशी स्थिती. आपल्याकडे ह्या रोगास 'मानमोडी' असे नाव पडले.

गावच्या वहीत मात्र 'मानमोडी' असा वर्ग नव्हता. मृत्यू चढले ते 'ताप' ह्या सदराखाली, आणि जेथे नोंद करणारा स्वतःच अंथरुणास खिळला तेथे चढलेही नाहीत. मग ह्या एका रोगाने किती माणसे गेली हे कसे ठरवावे? आरोग्यखात्याने जी रीत योजिली ती पाचवीच्या मुलासही समजेल. एरवीच्या वर्षांत त्याच महिन्यांत सरासरीने किती मृत्यू होतात ते पाहावे, ते त्या सालच्या मृत्यूंतून वजा करावेत. बाकी उरेल ती साथीची. वजाबाकीच्या ह्या रीतीने निरनिराळ्या अभ्यासकांनी हिंदुस्थानातील मृत्यू सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत धरले आहेत. आजच्या भारताच्या सीमांत १९११ साली २५.२१ कोटी लोक होते. १९२१ च्या जनगणनेत ते २५.१३ कोटी भरले. लोकसंख्या घटली असे दशक आपल्या जनगणनेत हे एकच.

ह्या मृत्यूंत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. इतर देशांत पुरुष अधिक दगावले. आपल्याकडे वीस ते चाळीस वयाच्या स्त्रियांचे प्रमाण अधिक पडले. सर्वांची शुश्रूषा त्यांनी करावयाची, सर्वांच्या मागून उरलेसुरले त्यांनी खावयाचे, आणि ताप अंगावर काढावयाचा. ह्या घरोघरच्या रीतीचा हिशेब सरकारी तक्त्यात उतरला. पुढील साली जन्मही घटले. जुन्या वंशावळीत त्या सुमारास दुसरे लग्न झालेले पणजोबा, अथवा मामाकडे वाढलेली भावंडे आढळली, तर त्यामागे मानमोडी असण्याचा संभव पुष्कळ आहे.

आणखी एक आकडा ज्ञातिसंस्थेच्या पानावर लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. १९१८ साली मुंबईत इन्फ्लुएंझाने युरोपियनांत हजारी ८.३ माणसे दगावली; अस्पृश्य म्हणून लेखल्या गेलेल्या हिंदूंत तेच प्रमाण हजारी ६१.६ होते. रोग जात पाहत नाही असे आपण म्हणतो ते खरे. पण कोंदट खोली, अर्धपोटी जेवण आणि दूरचा डॉक्टर ही जातीच्या उतरंडीने वाटली गेली होती, आणि रोगाने ती वाटणी पाहिली. स्वजातीच्या अभिमानाने भरलेल्या अंकात हा आकडा वाचताना आपण क्षणभर थांबावे.

कारखान्यांच्या गावी

स्वातंत्र्यानंतर आपल्या भागाचे रूप पालटले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन होऊन पेनिसिलिन निघू लागले. पुण्यात त्याआधी १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते, तेच पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती १७,२७,६९२ भरली. आपल्या ज्ञातीतील निम्मीअधिक घरे आज ह्याच पट्ट्यात, कोणी मोशीस, कोणी चिखलीस, कोणी म्हाळुंगे-खराबवाडीस, पोटापाण्यासाठी स्थिरावली आहेत.

मृत्यूची नोंदही बदलली. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा महाराष्ट्रात १९७० पासून लागू झाला. ह्या कायद्याने मृत्यू जेथे घडला तेथे त्याची नोंद व्हावयाची, मृताचे घर कोठे आहे हे पाहून नव्हे. चाकणचा मनुष्य पिंपरीच्या रुग्णालयात वारला तर त्याची ओळ पिंपरीच्या वहीत चढते. एका परीने हे सोयीचे आहे. पण गावच्या कोतवालास जे घर ठाऊक होते, ते रुग्णालयाच्या कारकुनास ठाऊक नसते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

मध्यंतरी २००९ च्या ऑगस्टात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. एका शाळकरी मुलीचे ते निधन ऐकून सारा जिल्हा हादरला. शाळा बंद झाल्या, आणि तोंडावर फडके बांधून हिंडणारी माणसे आपल्या रस्त्यांवर आम्ही त्या वेळी पाहिली. पण ती साथ ओसरली, आणि लोक विसरले.

संध्याकाळचा आकडा

९ मार्च २०२० रोजी दुबईहून परतलेल्या पुण्याच्या एका दांपत्यास करोना झाल्याचे आढळले. महाराष्ट्रातील हे पहिले रुग्ण. काही दिवसांतच पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण निघाले. १८९७ चा तोच कायदा पुन्हा लागू झाला, आणि २५ मार्चपासून सारा देश घरात बसला.

त्या दिवसांत घराघरात एक नवे वेळापत्रक सुरू झाले. पूर्वी तिन्हीसांजेला दिवा लावून परवचा म्हणत. आता संध्याकाळी महानगरपालिकेच्या पत्रकाची वाट पाहत. आज नवे बाधित किती, बरे किती, मृत किती, आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत किती, हे मुले मोठ्याने वाचून दाखवीत. आकडा वाढला की सासरी असलेल्या लेकीचा फोन येई. घटला की उद्या भाजीला जावे का, ह्याचा विचार होई. लग्नाला पन्नास माणसे, अंत्ययात्रेला वीस, विलगीकरणाचे चौदा दिवस. संसाराची सारी कामे आकड्यांनी बांधली गेली. आळंदीहून माउलींच्या पादुका त्या वर्षी ३० जूनला एस.टी.ने पंढरीस गेल्या. कारखान्यांची धडधड थांबली होती. एप्रिल २०२० मध्ये देशातील मोठ्या मोटार कंपन्यांची देशांतर्गत विक्री शून्य भरली. ठेकेदारीवर काम करणाऱ्या चाकणच्या कामगाराच्या घरात त्या शून्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

पत्रकात 'शहरातील' आणि 'शहराबाहेरील' अशी मृतांची विभागणी असे. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, छावणी मंडळे आणि ग्रामीण भाग ह्यांचे हिशेब निराळे. राहावयास मोशीत, कामास चाकणात आणि उपचारास पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात, असे आपल्या पट्ट्यातील जीवन. हद्दी मात्र कागदावर ठाम. नुसता आपल्या हद्दीचा आकडा पाहून निश्चिंत राहणे किती फसवे, हे त्यामुळे अनेकांच्या ध्यानात उशिरा आले.

लपवालपवी ह्या वेळीही झाली. रुग्ण निघाला की इमारतीस पत्रे आणि बांबू लागत, हातावर शिक्का बसे, शेजारी बोलेनासे होत, घरकाम करणाऱ्या भगिनींना फाटक बंद होई. म्हणून सर्दी-ताप अंगावर काढून 'काही नाही, हवा बदलली' असे सांगणारी घरे आम्ही पाहिली. परंतु प्लेगच्या काळाहून एक अंतर होते. सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ह्या मोहिमेत आशासेविका, अंगणवाडीताई आणि आमचे शिक्षकबंधू दारोदार गेले. प्रश्न तोच होता: घरात कोणास ताप आहे काय? विचारणारे मात्र बंदुकीवाले सोजीर नसून ओळखीची ताई वा मुलांचे गुरुजी होते, आणि ज्या घरांनी आधी दार लावले होते त्यांतील अनेकांनी ते उघडले. १८९७ च्या त्या कायद्यातही २०२० साली दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यास शिक्षेची तरतूद झाली.

घरे स्वतःही मोजू लागली. शाळेच्या शंभर पानी वहीत रकाने आखून सकाळ-दुपार-संध्याकाळ ताप आणि प्राणवायूचे प्रमाण लिहून ठेवणाऱ्या गृहिणी आपल्या ज्ञातीत कितीतरी निघाल्या. बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावावे, सहा मिनिटे चालावयास सांगावे, पुन्हा लावावे. ९४ च्या खाली गेले की डॉक्टरांस फोन. पूर्वी ज्या घरांनी उंदीर मोजले, त्याच घरांच्या नाती-पणत्या श्वास मोजीत होत्या. इतकी काटेकोर नोंद कोणत्याही कोतवालाच्या वहीत झाली नसेल.

छेदाकडे पाहावे

येथे गणिताचा एक पाठ सांगणे अवश्य आहे. अपूर्णांकात अंश वर असतो म्हणून डोळा आधी तिकडे जातो. पण अर्थ ठरतो तो छेदावरून. आज पाचशे बाधित निघाले, एवढ्याने काही कळत नाही. हजार तपासण्यांत पाचशे म्हणजे शेकडा पन्नास. दहा हजारांत पाचशे म्हणजे शेकडा पाच. तपासण्या कमी केल्या तर बाधितही कमी दिसणार. सुट्टीच्या दिवशी तपासण्या थोड्या होत, आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा पाहून भोळी माणसे म्हणत, साथ उतरली.

तपासणीच्या बाहेर किती राहिले ह्याचा अंदाज पिंपरी-चिंचवडमध्ये शास्त्रीय रीतीने घेतला गेला. २०२० च्या ऑक्टोबरात महापालिकेने वैद्यकीय महाविद्यालयाच्या साहाय्याने सुमारे पाच हजार नागरिकांचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा ३४ जणांच्या रक्तात रोग होऊन गेल्याची खूण सापडली. प्रत्यक्ष नोंद झालेल्या रुग्णांहून ही संख्या कितीतरी पट मोठी होती. झोपडपट्ट्यांत व चाळवजा वस्त्यांत हे प्रमाण शेकडा ३८ च्या आसपास, तर सोसायट्यांत २८ च्या आसपास आढळले. शंभर वर्षांपूर्वीची ती उतरंड पुष्कळ बुजली, पण पुरती बुजली नाही. २०२१ च्या जूनमध्ये पुन्हा पाहिले तेव्हा प्रमाण सुमारे ८१ झाले होते. मधल्या आठ महिन्यांत काही जणांस लस मिळाली होती, आणि दुसरी लाट येऊन गेली होती.

न मोजलेले

त्या दुसऱ्या लाटेचे वर्णन करावयास लेखणी धजत नाही. एप्रिल २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यात खाट मिळेना, रेमडेसिवीरच्या कुप्यांसाठी रात्रभर रांगा लागल्या. चाकणच्या कारखान्यांत तयार होणारा प्राणवायू टँकरांनी रुग्णालयांकडे धावू लागला. २२ एप्रिलपासून बहुतेक उद्योगांचा प्राणवायू बंद करून तो रोग्यांसाठी राखण्यात आला. भोसरी-चाकणच्या लहान शेडमध्ये ज्या नळकांड्यांवर लोखंड कापले जाई, त्यांच्या मोलाची जाणीव त्या वेळी प्रत्येक घरास झाली.

किती गेले? सरकारी हिशेबाने २०२१ ह्या एका सालात देशात करोनाने सुमारे ३.३ लाख माणसे दगावली. आता १९१८ ची वजाबाकी पुन्हा करून पाहू. मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जन्ममृत्यूच्या अहवालाप्रमाणे देशात नोंदलेले एकूण मृत्यू २०१९ साली ७६.४ लाख, २०२० साली ८१.२ लाख आणि २०२१ साली सुमारे १ कोटी २ लाख होते. म्हणजे एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ. ह्यातील काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे असू शकते, काही मृत्यू इतर रोगांवर वेळेत उपचार न मिळाल्यामुळे, तरीही ३.३ आणि २१ ह्यांतील अंतर डोळ्याआड करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ ह्या दोन वर्षांसाठी भारताचा अंदाज ४७ लाख दिला. भारत सरकारने तो नाकारला. पंडितांचा हा वाद चालू राहील. एकदा दहा वर्षांनी होणारी जनगणनाही २०२१ साली झाली नाही, त्यामुळे छेद कोणता धरावा हीही अडचणच.

परंतु घरास ह्या अंतराची झळ फार लवकर लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर करोनाने मृत झालेल्यांच्या वारसांस पन्नास हजार रुपये साहाय्य ठरले. तपासणीत रोग आढळल्यापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू त्यात धरावयाचा, आणि वाद असल्यास समितीपुढे दाद मागावयाची, असा नियम झाला. महाराष्ट्रात अधिकृत मृत्यूंच्या संख्येहून अर्जांची संख्या बरीच अधिक भरली. विमाधारक कामगारांच्या वारसांसाठी राज्य विमा महामंडळाने निवृत्तिवेतनाची योजना काढली. आईवडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने पाच लाखांची ठेव ठेवली. ह्या साऱ्या दारांची किल्ली एकच होती: कागदावरील कारण.

आमच्या परिचयातील एका भगिनीचे यजमान त्या एप्रिलात एका खाजगी रुग्णालयात वारले. कारणाच्या जागी 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढेच लिहिले होते. हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते! परंतु ह्या बाईंनी घरी ठेवलेली वही जपली होती. कोणत्या दिवशी ताप आला, तपासणी कोठे केली, अहवालाचा क्रमांक काय, प्राणवायू कसा घसरला, हे सारे तारीखवार. त्या वहीच्या आधारे जुना अहवाल हुडकून काढता आला, समितीपुढे मांडता आला, आणि काही महिन्यांच्या हेलपाट्यांनंतर त्यांना साहाय्य मिळाले. ज्यांच्याजवळ अशी वही नव्हती, त्या घरांस आपले माणूस कशाने गेले हे सिद्ध करता आले नाही. पैशाची गोष्ट सोडली तरी, 'माझा नवरा करोनाने गेला' हे खरे असूनही कागद ते मान्य करीत नाही, हे शल्य लहान नव्हे.

आमची सूचना

शासनाने काय करावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही; आपण काय करावे एवढे सुचवितो. आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत श्रद्धांजलीचे पान एरवी एक असे. करोनानंतरच्या अंकात ते किती वाढले हे जुने अंक चाळणाऱ्यास दिसेल. त्या पानांवर नावे आहेत, छायाचित्रे आहेत. कारण नाही, वय बहुधा नाही, मागे कोण राहिले हे नाही. कार्यकारी मंडळाने २०२० व २०२१ ह्या दोन सालांची एक नोंदवही तयार करावी. प्रत्येक गावच्या व उपनगराच्या प्रतिनिधीने घरोघर जाऊन मृताचे नाव, वय, व्यवसाय, मृत्यूचे ठिकाण, घरच्यांनी सांगितलेले कारण आणि दाखल्यावरील कारण, असे रकाने भरावेत. शेवटच्या दोन रकान्यांत जेथे फरक पडेल, तेथे कागद दुरुस्त होण्याची वाट अजून आहे काय, हे आपल्यातील वकीलबंधूंनी पाहावे. विधवा भगिनींची वारसनोंद, भविष्यनिर्वाह निधी, विमा ह्यांपैकी काय अडले आहे, हेही त्यात लिहावे. ही वही प्रसिद्धीसाठी नाही. संस्थेच्या कपाटात ती कुलुपात असावी, आणि ज्या घरची नोंद त्या घराच्या संमतीवाचून कोणास दाखवू नये. भयाने वा लाजेने घर गप्प बसू नये, ह्यासाठी एवढा मान राखणे अवश्य आहे.

ह्या कामासाठी आम्ही जावे तेथे स्त्रियांनी स्त्रियांशी बोलावे असे आमचे मत आहे. मानमोडीत घरच्या बाईचा ताप शेवटी मोजला गेला. करोनातही दवाखान्याच्या रांगेत तिचा क्रमांक अनेक घरांत शेवटीच लागला. महिला मंडळाने पुढाकार घेतला, तर जे आमच्यासारख्या म्हाताऱ्या मास्तरास कोणी सांगणार नाही, ते त्यांना सांगितले जाईल.

आपल्या खापरपणजोबांच्या नावापुढे कोतवालाने 'ताप' असा एक शब्द लिहिला आणि पुढच्या माणसाकडे वळला. त्या एका शब्दाने आपल्याला आज जातीचा दाखला मिळतो, पण तो मनुष्य कोणत्या साथीत, कोणत्या हालात गेला हे कळत नाही. आपल्या पणतवंडांनी आपली वही उघडावी तेव्हा त्यांना ह्याहून थोडे अधिक वाचावयास मिळावे. रकाने आखून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू. नोंद घेण्यास येणाऱ्या कार्यकर्त्यास आपण दार उघडावे, बसावयास पाट द्यावा आणि जे घडले ते सांगावे, ही सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती.